तिसरा पुकारा

आमच्या कॉलनीत नळाला पाणी आल्याची बातमी नळ देत नाही, अप्पा देतात. सोलापुरात पाणी रोज येत नाही हे इथल्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. ते मनात येईल तेव्हा, तीन-चार दिवसांनी उगवतं. त्या वेळी ज्याचं पिंप रिकामं आणि डोळे मिटलेले असतील त्याची फजिती ठरलेली. आमची मात्र होत नाही. नळानं पहिली उचकी दिली की तळमजल्यावरचे अप्पा दारात येऊन उभे राहतात, छाती भरून घेतात आणि पुकारतात, "नळाचं पाणीऽऽ हाजीर हैऽऽ!" मग तिन्ही मजल्यांवर धावपळ सुरू होते.

अप्पांचं पूर्ण नाव शिवलिंगप्पा. मूळचे वळसंगकडचे. उभा जन्म त्यांनी कोर्टात पट्टेवाला म्हणून काढला. कोर्टाच्या दारात उभं राहून पक्षकारांच्या नावाचा पुकारा करणं हे त्यांचं काम. अंगानं शेवग्याच्या शेंगेसारखे, पण आवाज असा की तिकडं पिंपळाखाली चहा पिणारा साक्षीदार कप ठेवून पळत यायचा म्हणे. त्यांच्या पत्नी शांताकाकू म्हणतात, "घरात हळू बोला, हळू बोला म्हणून माजे केस पांढरे झाले. रातच्याला पाणी मागितलं तरी शेजारचा उठून तांब्या भरतोय."

पुकाऱ्याचं शास्त्र त्यांनी मला इथं राहायला आल्या आल्या समजावलं होतं. पुकारे तीन द्यायचे. पहिला झोपलेल्यासाठी, दुसरा चहाला गेलेल्यासाठी, तिसरा कायद्यासाठी. तिसऱ्यालाही कुणी 'हजर' म्हणालं नाही की निकाल एकतर्फी. "पण बाई," बोट वर करून ते म्हणाले होते, "पक्षकार नसला आन त्याचा वकील उभा राहिला, की तारीख मिळती. तारीख मिळाली की केस जित्ती." मी शाळेत गणित शिकवते. मला हे नियम आवडले. निदान ते कुणीतरी पाळत होतं.

निवृत्त झाल्यावर अप्पांची पंचाईत झाली. आवाज तसाच, पण पुकारायला माणूस नाही. एक दिवस गटारात वेफर्सची रिकामी पाकिटं अडकून पाणी तुंबलं. अप्पांनी ती पाकिटं काठीनं बाहेर काढली, फाटकाशी रांगेत मांडली आणि वर बघून पुकारा दिला, "नवी पिढीऽऽ हाजीर होऽऽ!" तीनदा दिला. नवी पिढी कानात इअरफोनची बोंडं घालून आपापल्या खोलीत पडली होती. अप्पांनी निकाल जाहीर केला, नवी पिढी दोषी, आणि पाकिटं स्वतःच कचऱ्याच्या गाडीत टाकली. जाताना म्हणाले, "होगली बिडु." कानडीत 'जाऊ दे, सोड' म्हणायचं ते असं. अप्पांचे सगळे निकाल तिथंच जाऊन थांबतात.

त्यानंतर रोजच सुरू झालं. मोटारी वाढल्या, नवी पिढी. मिरवणुकीत डीजेनं खिडक्या हादरल्या, नवी पिढी. कडक भाकरी सोडून पोरं पिझ्झा खायला लागली, नवी पिढी, आणि यात तर जामीनसुद्धा नाही. महिनाभर ती बिचारी एकतर्फी हरत होती.

मग तिसऱ्या मजल्यावरची प्राजक्ता उठली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलगी, जीभ धारदार. जिन्याच्या कोपऱ्यात कुणीतरी पान खाऊन भिंत रंगवली होती. तिनं कठड्यावरून वाकून, जमेल तेवढ्या खणखणीत आवाजात पुकारलं, "जुनी पिढी हाजीर हो!" अप्पा घरातून आले, शर्टाची वरची गुंडी लावली, कोर्टात असल्यासारखे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "हजर." ते स्वतः पान खात नाहीत. पण पिढी त्यांची होती, आणि पुकारा झाला होता. त्या दिवशी त्यांनी स्वतः भिंत घासली. इतकं खूश मी त्यांना क्वचितच बघितलं.

तेव्हापासून संध्याकाळी अंगणात कोर्ट भरू लागलं. फिर्याद, उलटतपासणी, सगळं रीतसर. न्यायाधीश म्हणून मला बसवलं. मी विचारलं, मीच का? आमच्या पिढीला कधी पुकारत कसे नाही तुम्ही? अप्पांनी थोडा विचार केला. "तुमच्या पिढीनं काय केलंय म्हणून पुकारायचं, बाई? चांगलं न्हाय, वाईट न्हाय. पुरावाच न्हाय." या वाक्याचा मला अजून राग आहे. पण खुर्ची सोडली नाही, कारण दोन्ही बाजूंना गप्प करायची संधी शाळेच्या बाहेर एरवी मिळत नाही.

कोर्टात काय काय चालायचं! गिरण्या बंद पडल्या त्यात कुणाचा दोष, यावर तीन संध्याकाळी गेल्या. प्राजक्ता म्हणायची, तुम्ही कामगार आणि मालक भांडत बसलात, आम्हाला नोकरीसाठी पुण्याची गाडी धरावी लागते. अप्पा म्हणायचे, गाडी धरा की, पण परतीचं तिकीट कुणी काढतंय का? एकदा प्राजक्ताच्या धाकट्या भावावर दुपारपर्यंत झोपण्याचा आरोप होता. आरोपी झोपलेलाच असल्यामुळं हजर नव्हता. तिसऱ्या पुकाऱ्याआधी प्राजक्ता उभी राहिली, "वकील हजर आहेत, पुढची तारीख मिळावी." अप्पांनी माझ्याकडं असं अभिमानानं बघितलं, जशी काही ती त्यांचीच विद्यार्थिनी.

एक गोष्ट मात्र मला कधी कळली नव्हती. अप्पांची खुर्ची. आमचं अंगण सगळं सिमेंटचं, पण अप्पा कायम एकाच जागी बसणार, फाटकाकडून आत आल्यावर डावीकडं, उताराला. ऊन आलं तरी हलणार नाहीत, पोरांच्या क्रिकेटचा चेंडू लागला तरी हलणार नाहीत. आणि उठले की त्याच जागी सदाफुलीची कुंडी सरकवून ठेवणार. कुणी म्हणे वास्तुशास्त्र, कुणी म्हणे हट्ट. मी हट्टाच्या बाजूची होते.

या उन्हाळ्यात कॉलनीची बोअर आटली. नळाचा भरवसा नाही आणि बोअरही गेली, तेव्हा लोकांची तोंडं उतरली. टँकर सांगितला, तो यायचा तेव्हा आला. त्या संध्याकाळी प्राजक्ता कागदावर अंगणाचा नकाशा काढून घेऊन आली आणि तिनं पुकाऱ्याची मागणी केली. आरोपी, जुनी पिढी. आरोप असा की सगळं अंगण सिमेंटनं बुजवलं, त्यामुळं पावसाचा एक थेंब जमिनीत मुरत नाही. सगळं पाणी फाटकातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून नाल्यात.

अंगणात सिमेंट करून घेतलं ते अप्पांनीच. तेव्हा ते कॉलनीचे सेक्रेटरी होते. पुकारा देणारे तेच आणि हजर होणारेही तेच, म्हणून त्यांनी इकडच्या बाजूनं पुकारा दिला, चार पावलं चालून तिकडच्या बाजूला गेले आणि 'हजर' म्हणाले. एरवी यावर हशा पिकायचा. त्या दिवशी अप्पांनी 'हजर' म्हणायला वेळ लावला.

त्यांचं म्हणणं साधं होतं. चिखल व्हायचा, विंचू निघायचे, पोरं पडून गुडघे फोडून घ्यायची. "पोरांसाठीच केलतं की."

"आमच्यासाठी केलंत हे मान्य," प्राजक्ता म्हणाली, "पण अप्पा, आता पाणी नाही तेही आम्हालाच."

मी निकाल दिला. जुनी पिढी दोषी. शिक्षा, अंगणात शोषखड्डा घ्यायचा, आणि खणायला दोन्ही पिढ्यांनी यायचं. माझ्या मते निकाल झकास होता. प्राजक्तानं नकाशावर बोट ठेवलं. सगळं पाणी जिथं उतरून येतं तिथंच खड्डा हवा, म्हणजे फाटकाच्या आत डावीकडं. अप्पांच्या खुर्चीखाली.

मी 'होगली बिडु'ची वाट बघत होते. अप्पांनी खुर्ची उचलली, कुंडी सरकवली आणि ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी शांताकाकू शेंगाचटणीची वाटी घेऊन माझ्याकडं आल्या. वाटी ओट्यावर ठेवून तिथंच उभ्या राहिल्या. मग त्यांनी सांगितलं. सिमेंट ओलं होतं तेव्हा त्यांचा महेश, चार वर्षांचा, फाटकातून धावत आला आणि एक पाय त्यात उमटवून गेला. अप्पांनी त्याला धपाटा घातला. दिवसभर कॉलनीला ऐकू जाईल असं ओरडले, उद्या भरून घेतो म्हणाले. सकाळी गवंडी थापी घेऊन आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवला. तो पाय कुंडीखाली आहे.

महेश आता बंगळूरला असतो. दोन दिवाळ्यांपूर्वी आला होता तेव्हा बापलेकांचं वाजलं. तो म्हणाला, या गावात तुमच्या पिढीनं आमच्यासाठी ठेवलंय काय? अप्पा म्हणाले, तुमच्या पिढीला निघून जाण्याशिवाय येतंय काय? तेव्हापासून तो आला नाही. आईला फोन करतो. फोन आला की अप्पा टीव्हीचा आवाज बंद करतात आणि सुपारी कातरत बसतात, पण 'मला दे' म्हणत नाहीत. तोही 'अप्पांना द्या' म्हणत नाही.

"ते नव्या पिढीला पुकारतात की न्हाय," काकू म्हणाल्या, "ती पिढी एवढी मोठी न्हाय, बाई. एकटा महेश हाय त्यो."

मला वाईट वाटलं, आणि स्वतःच्या झकास निकालाचा थोडा रागही आला. मी तडक खाली गेले. अप्पांना म्हटलं, खड्डा चार हात पलीकडं घेऊ. ते सदाफुलीची वाळकी पानं खुडत होते.

"निकाल फिरवू नका, बाई. पाणी उतारानंच जातंय. आमी एकदा चुकीच्या जागी सिमेंट घातलं, तुमी चुकीच्या जागी खड्डा काढू नका."

रविवारी फोडायचं मशीन आलं. सगळे जमले, प्राजक्ताचा झोपाळू भाऊसुद्धा घमेलं घेऊन आला. अप्पांनी स्वतः कुंडी बाजूला घेतली. तिथं एक इवलंसं पाऊल होतं, पाची बोटं स्पष्ट, टाच जरा घसरलेली, घाईत धावणाऱ्याची. मशीनवाला थांबला. प्राजक्तानं एकदा पावलाकडं बघितलं, एकदा अप्पांकडं. तिला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. ती मशीनवाल्याला म्हणाली, आधी कटर आणा, एवढा चौकोन अख्खा काढायचा, तोवर एक घाव घालायचा नाही.

अर्धा दिवस त्यात गेला. तो चौकोन चौघांनी मिळून उचलला आणि अप्पांच्या पायरीशी भिंतीला टेकवून ठेवला. ठेवताना टाचेपाशी एक बारीक चीर गेली. प्राजक्ता रडकुंडीला आली. अप्पांनी चिरेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "होगली बिडु." मग धोतर खोचून खड्ड्यात उतरले आणि बाकीच्यांना खणायला शिकवू लागले, ते इतकं की शेवटी त्यांना हाताला धरून वर काढावं लागलं.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळचं कोर्ट उठलं होतं. मी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते. खाली अप्पा एकटेच होते. खुर्ची आता पायरीजवळ, त्या पावलाशेजारी. ते उठले, फाटकाकडं तोंड केलं, शर्टाची वरची गुंडी लावली.

"महेश शिवलिंगप्पाऽ हाजीर होऽ."

नेहमीचा आवाज नव्हता. कान दिला तरच वरच्या मजल्यांवर ऐकू येईल एवढाच. थोडं थांबून त्यांनी दुसरा पुकारा दिला. मी हातात टॉवेल धरून तिसऱ्याची वाट बघत राहिले. तो आला नाही. उभ्या नोकरीत ज्यांनी एक पुकारा गाळला नाही ते अप्पा तोंड मिटून उभे होते, आणि का ते मला कळलं. तिसरा दिला की निकाल लागतो.

ते खुर्ची उचलायला वाकले, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला.

"पक्षकार बाहेरगावी आहेत. वकील हजर आहेत. पुढची तारीख मिळावी."

प्राजक्ता कठड्याला धरून उभी होती. थट्टेचा सूर नव्हता. अप्पांनी वर बघितलं नाही. खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं. मग माझ्या गॅलरीकडं बघून म्हणाले, "काय करायचं, बाई?"

मी गणिताची बाई, मला भावनेच्या वेळी आकडेच सुचतात. म्हटलं, पंधरा दिवसांनंतरची देऊ? अप्पांनी मान हलवली. "एवढी जवळची नको. रजा मिळाया पायजे पोराला. दिवाळीची द्या."

"दिवाळी. मंजूर," मी म्हणाले.

अप्पांनी छाती भरून घेतली. आता आवाज नेहमीचा होता, नळाच्या पाण्याचा. "पुढची तारीख दिवाळीऽऽ!"

आतून शांताकाकूंचा वैतागलेला आवाज आला, "अवो हळू बोला की. महेश फोनवर हाय, समदं ऐकू जायलंय त्याला."

अप्पा क्षणभर जागच्या जागी थबकले. मग घराच्या खिडकीकडं वळले, दोन पावलं पुढं झाले, आणि तारीख पुन्हा एकदा, आधीपेक्षा मोठ्यानं पुकारली.