सहाशे अकरावा ठसा

आमच्या रुग्णालयातून कोरोनामुक्त होऊन जाणारा प्रत्येक रुग्ण फाटकाजवळच्या भिंतीवर हाताचा ठसा उमटवतो आणि मगच घरी जातो. हिला 'विजयभिंत' म्हणतात. तिची संपूर्ण जबाबदारी माझ्याकडे, म्हणजे निरोप कक्षाच्या प्रमुखाकडे आहे. माझ्या हाताखाली रंगाचा डबा, स्पंज, एक छायाचित्रकार आणि टाळ्या वाजवायला वॉर्डातून आळीपाळीने मागवलेल्या सहा नर्स असतात. वॉर्डात माणसं कमी पडतात म्हणून त्या कुरकुरतात. पण टाळ्या कमी पडल्या तर व्हिडिओत लगेच कळतं, वॉर्डातलं कोणाला कळतंय?

भिंतीशेजारी फलक आहे. 'दाखल' आणि 'बरे झालेले' हे आकडे आम्ही रोज खडूने बदलतो. तिसरा रकाना 'परत आलेले रुग्ण' असा आहे आणि त्यापुढचं शून्य ऑइलपेंटने काढून घेतलंय. "साहेब, उद्या आकडा बदलला तर?" असं रंगाऱ्याने विचारलं होतं. अधीक्षकांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं, की त्याने मुकाट्याने शून्यावर दुसरा हात मारला.

सहाशे अकरावा ठसा शाळेतून निवृत्त झालेल्या एका पीटीच्या सरांचा. बारा दिवस ऑक्सिजनवर काढून ते बाहेर आले. आणखी दोन दिवस ठेवावं असं डॉक्टरांचं मत होतं, पण छायाचित्रकाराची रजा मंजूर झाली होती. सरांनी ठसा उमटवला, गळ्यातली शिट्टी ओठाला लावली आणि कोणी न सांगता फुंकली. जरा फाटकी वाजली, पण आम्ही खाली संगीत घातलं. व्हिडिओ चार हजार लोकांना आवडला. अधीक्षकांनी माझी पाठ थोपटली.

नवव्या दिवशी सर परत आले.

रिक्षातून उतरून नोंदणीच्या खिडकीपर्यंत यायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. एका बाजूने बायकोने धरलं होतं. बोलत होत्या त्या बाईच.

"सकाळपासून दम लागलाय हो यांना. रोज उठल्यावर शिट्टी फुंकून बघतात. आज वाजलीच नाही."

खिडकीतल्या मुलीने सरांचा केसपेपर नंबर टाकला आणि मान हलवली. "काकू, काका बरे झालेत."

"कधी?"

"नऊ दिवसांपूर्वी. इथे सही आहे."

"अगं, त्यांच्याकडे बघ तरी!"

मुलगी स्वभावाने चांगली. तिने बघितलं. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजला, तो शहाऐंशी आला. पण घरी सोडतानाच्या कागदावर सत्त्याण्णव होता, आणि त्या कागदावर गोल शिक्का होता. चिमट्यावर शिक्का नव्हता. तिने मला फोन केला, कारण बरे झालेले रुग्ण माझ्या कक्षात येतात.

मी अधीक्षकांना कळवलं. ते धावतच खाली आले, माणसाच्या काळजीपोटी नव्हे असं म्हणणं अन्यायाचं होईल, पण शुक्रवारी 'शून्य पुनरागमन' ढालीसाठी पाहणी समिती यायची होती हेही खरं. सरांना बाकावर बसवून आम्ही पुनरागमन समितीची बैठक बोलावली. ही समिती दोन वर्षं अस्तित्वात होती, पण कोणी परत येत नसल्यामुळे तिची बैठक झाली नव्हती, आणि बैठक होत नसल्यामुळे कोणाला परत घ्यायची पद्धत ठरली नव्हती. बैठक पन्नास मिनिटं चालली. सर तोपर्यंत बाकावर श्वास घेत होते, म्हणजे प्रयत्न करत होते.

शेवटी एक माणुसकीचा मार्ग निघाला. परत आलेल्या रुग्णाला घेता येत नसलं, तरी नव्या रुग्णाला येतं. नंबर चुकीचा सांगितला असं म्हणायचं, आणि सर पहिल्यांदाच आले आहेत अशी नोंद करायची. अडचण एकच होती, ती भिंतीवरच्या ठशाची. तो त्यांचा नाही एवढं सिद्ध झालं की काम फत्ते.

आम्ही सरांना चाकाच्या खुर्चीतून भिंतीपाशी नेलं. मी त्यांचा हात उचलून सहाशे अकराव्या ठशावर ठेवला. अधीक्षक खाली वाकून कानाशी म्हणाले, "सर, हा तुमचा नाहीये ना? नुसती मान हलवा."

सरांनी श्वास गोळा केला. "माझाच... आहे. करंगळी बघा. व्हॉलीबॉलमध्ये... मोडलेली."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो! जन्मभर पोरांना शिस्त लावलीत, आता तरी एकदा खोटं बोला!"

"ठसा... माझा आहे," सर म्हणाले.

त्यांच्या या हट्टापुढे आम्ही तरी काय करणार? ठसा पुसता येत नाही आणि ऑइलपेंटचं शून्यही पुसता येत नाही. अधीक्षक घड्याळ बघू लागले. तेवढ्यात मला कल्पना सुचली. स्वतःची स्तुती करत नाही, पण अशा कल्पनेला वीस वर्षांची नोकरी लागते.

"काकू," मी म्हणालो, "तुम्ही ॲडमिट व्हा."

"मला काय झालंय?"

"काही नाही. म्हणून तर अडचण नाही. तुम्ही नव्या पेशंट. सर तुमच्यासोबत राहणारे नातेवाईक. खाट तुमची, खुर्ची त्यांची. ऑक्सिजन तुमच्या नावाने येईल, नळी तेवढी खुर्चीपर्यंत लांबवू."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग सरांच्या ओठांकडे बघितलं. ते निळसर होऊ लागले होते. "कुठे सही करू?" त्या म्हणाल्या.

तीन दिवस उत्तम गेले. धडधाकट बाई खाटेवर आडव्या पडून असत, कारण त्या उठून बसल्या की नर्स रागावायची. सर बाजूच्या लोखंडी खुर्चीत नळी लावून बसून असत, कारण नातेवाइकाने आडवं व्हायचं नाही असा नियम आहे. डॉक्टर रोज यायचे आणि बाईंना तपासायचे. ऑक्सिजन नव्याण्णव. ताप नाही. फुप्फुसं स्वच्छ. प्रगतीबद्दल डॉक्टर स्वतः थक्क झाले होते.

"डॉक्टर, जरा यांना बघा ना," बाई रोज म्हणायच्या.

"आजी, तुम्ही नातेवाइकांची काळजी करू नका. तुम्ही विश्रांती घ्या."

एक नर्स जाता-येता सरांच्या बोटाला चिमटा लावून जायची. शहाऐंशीचे नव्वद झाले होते. आकडा लिहायला कागद नव्हता, म्हणून ती तो बाईंना तोंडी सांगायची आणि बाई तो देवाचं नाव घ्यावं तसा दिवसभर पुटपुटत राहायच्या.

चौथा दिवस शुक्रवार. पाहणी समिती आली. रुग्णालयाच्या इतिहासात सगळ्यात लवकर बरं झालेला रुग्ण म्हणून बाईंचा कागद समितीपुढे ठेवण्यात आला. अध्यक्ष भारावले आणि म्हणाले, "मग यांचा निरोप आमच्यासमोरच होऊ द्या."

"मी जाते," बाई म्हणाल्या. "आनंदाने जाते. पण यांना राहू द्या."

मी त्यांना समजावून सांगितलं, की पेशंटच नाही तर सोबत कोणाची? ऑक्सिजन त्यांच्या नावाने होता, त्या बऱ्या झाल्या, तो बंद झाला. नळी काढायच्या आधी नर्सने सरांच्या बोटाला पुन्हा चिमटा लावला. नवीन असेल, मी दुर्लक्ष केलं.

समारंभ अतिशय देखणा झाला. सहा नर्स, टाळ्या, फुगे. बाईंचा हात मी स्वतः धरून रंगात बुडवला आणि भिंतीवर दाबला. सातशे दोन. मागे खुर्चीत सर होते. त्यांनी एक हात वर केला होता. बाईंनी वळून बघितलं, त्यांच्या गळ्यातली शिट्टी ओढून काढली आणि जोराने फुंकली. थांबा अशी शिट्टी. मैदानावर पोर पडलं की सगळा खेळ जागच्या जागी थांबवायला सर वाजवायचे ना, तशी. एकदा, दोनदा, मग थांबेचनात. हाताचा रंग तोंडाला लागला. आम्ही सगळ्यांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांचे डोळे पाणावले.

ढाल आम्हाला मिळाली. सर पुढे कुठे गेले, ठाऊक नाही. फाटकाबाहेरची नोंद आम्ही ठेवत नाही. तिसऱ्यांदा मात्र ते आले नाहीत, त्यावरून बरे झाले असावेत.

'काकूंची शिट्टी' हा व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल. साडेअकरा लाख लोकांनी पाहिला. शिट्टी तेवढी संगीताने झाकायची नाही, असं मी मुद्दाम सांगितलं होतं. ती स्पष्ट ऐकू येते. खुर्चीही दिसते, डाव्या कोपऱ्यात, चौदाव्या सेकंदाला, वर केलेल्या हातासकट. मला वाटलं होतं, एखादा तरी विचारेल. प्रतिक्रिया सगळ्या वाचल्यात मी, ते माझं कामच आहे. 'काय उत्साह!' असं आहे. 'या वयात!' असं आहे. लाल बदाम तर मोजता येत नाहीत इतके आहेत, आणि त्यात तुमचाही आहे.