आईच्या उशाचं बटण

मला हाताने काही जमत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्या घरी यावं आणि आईच्या उशाशी टांगलेलं बटण बघावं. विकतचं नाही! मी केलंय!

झालं असं, की आई बाथरूममध्ये घसरली, पायाला प्लास्टर लागलं, आणि ताईने मला फोनवर सुनावलं, "तुझ्याच्याने तिचं होणार नाही. पुन्हा एकदा काही झालं, तर मी तिला माझ्याकडे घेऊन जाणार!"

आई गेली असती तर घर खायला उठलं असतं. म्हणून मी साबणाच्या वडीएवढा कॉम्प्युटर आणला आणि त्याला दोन टप्प्यांचं बटण जोडलं. अर्धं दाबलं की स्वयंपाकघरात नाजूक घंटी. तळापर्यंत दाबलं की भोंगा, शिवाय ताई, मामा आणि शेजारचे पैलवान यांच्या फोनवर निरोप, "आई संकटात! ताबडतोब या!" तीन वायरी, दोन इनपुट! आता, पूर्ण दाबताना बोट अर्ध्यावरून जाणारच. तेव्हा घंटी उगाच वाजू नये म्हणून प्रोग्रॅम क्षणभर दम धरतो. हे मला सुचलं! बायकोला मी ते जेवतानासुद्धा समजावलं.

"कळलं हो," ती म्हणाली. "पण आईंना सांगितलंत का?"

"त्यात सांगायचं काय? बटण आहे ते!"

तिथेच माशी शिंकली. आमची आई अर्धवट काही करत नाही. तिने बंद केलेला नळ उघडायला पक्कड लागते. दुपारी तिला चष्मा हवा होता, आणि तिने बटण दाबलं. तिच्या पद्धतीने!

भोंगा असा कोकलला की मी हातातला कप टाकून धावलो.

"आई! काय झालं?"

"चष्मा दे."

"अगं, चष्म्यासाठी एवढं दाबायचं नसतं! हे बघ, असं हलकंसं..." म्हणत मी दाखवायला गेलो, आणि घाबरलेलं बोट थेट तळाला! दुसरा निरोप सुटला.

पहिल्या निरोपाने लोक निघाले होते, दुसऱ्याने धावत सुटले. पैलवानांनी उघड्याच दाराला धडक मारली आणि ते चपलांच्या कपाटात जाऊन पडले. मामा अर्धी दाढी करून आले. ताई तर अँब्युलन्सच घेऊन आली!

"पेशंट कुठाय?" ड्रायव्हरने विचारलं.

"हे काय," बायकोने माझ्याकडे बोट दाखवलं.

मी सगळ्यांना तीन वायरी समजावून सांगत होतो. ऐकत होती एकटी आई. मध्येच ती मामांचा उरलेला साबण पुसायची, पैलवानांना खांदा दुखतोय का विचारायची. प्लास्टर लागल्यापासून तिचा चेहरा इतका खुललेला मी पाहिला नव्हता.

"पुरे झालं!" ताईने आईच्या साड्या पिशवीत भरायला घेतल्या. "आई, चल माझ्याकडे."

मी पिशवीचं दुसरं टोक घट्ट धरलं.

"मी नाही यायची," आई म्हणाली. "तुझ्याकडे असलं बटण आहे का?"

"ऐकलंस, ताई? ऐकलंस?" माझी छाती अशी फुगली, की शर्टाची काळजी वाटायला लागली!

"फार गुणाचं बटण आहे," आई त्याच्यावरून मायेने हात फिरवत म्हणाली. "अर्धं दाबलं की हा येतो. पूर्ण दाबलं की माणसं येतात."