दलदलीतले घोडेस्वार

"सगळ्यात खालची ओळ वाचा," चष्मेवाले म्हणाले.

"ओळ नाहीये," खुर्चीतल्या बाई म्हणाल्या. "डोंगर आहे."

या अंधाऱ्या खोलीत चष्मेवाल्यांनी 'ट'ला 'ठ' म्हणणारी माणसं पाहिली होती, दिसत नसताना अंदाजाने ठोकून देणारी पाहिली होती, बाहेरच्या बाकावर बसून तक्ता पाठ करून येणारीही पाहिली होती. अक्षरांच्या जागी डोंगर दिसणारं गिऱ्हाईक मात्र पहिलंच.

"घाई करू नका, बाई. नीट बघा."

"नीटच बघतेय. डोंगर आहे, डोंगराखाली नदी आहे, नदीच्या पलीकडे लाल झेंडा आहे. पुढचं सांगू की इथवर पास?"

चष्मेवाल्यांनी मान वळवली आणि त्यांच्या हातातलं भिंग निसटता निसटता राहिलं. भिंतीवरच्या पडद्यावर अक्षरांचा तक्ता नव्हताच. तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांचं स्वतःचं राज्य पसरलं होतं.

झालं होतं ते असं. चष्मेवाल्यांना संगणकावरच्या एका खेळाचा नाद होता. रानात भटकणारी एक टोळी हाती घ्यायची, गावं वसवायची, चाक, नांगर, लिपी असं एकेक शोधत जायचं आणि शेजारच्या राज्याला पुरून उरायचं. खेळ पाळीपाळीचा. आपली पाळी खेळून झाली की समोरच्याला निरोप जायचा, मग तो आपल्या सवडीने खेळायचा. चष्मेवाल्यांच्या समोरचा म्हणजे त्यांचा साडू. बायकोच्या मोठ्या बहिणीचा हा नवरा टायरचं दुकान चालवायचा, आणि टायरमध्ये हवा भरता भरता त्यातली बरीचशी त्याच्या स्वभावात शिरली होती. चष्मेवाले निळे, साडू लाल. आजवर चार डाव झाले होते आणि चारही वेळा लाल रंगाने निळा रंग पुसून काढला होता.

एरवी हरण्याचंही माणसाला वळण पडतं. पण पाचव्या डावावर सासऱ्यांचं शिसवी कपाट लागलं होतं. सासरे लहान घरात राहायला निघाले होते आणि तिथे ते कपाट मावत नव्हतं. मोडीत काढायचं म्हटलं की सासूबाई डोळ्यांना पदर लावत. म्हणजे ते एका मुलीकडे जाणार हे ठरलेलं. कपाट असं अवाढव्य, की नवराबायकोने आत उभं राहून निवांत भांडावं. चष्मेवाल्यांच्या घरात ते मावेल अशी एकच भिंत होती, आणि त्या भिंतीला त्यांचं संगणकाचं टेबल टेकलेलं होतं. दुकान बंद केल्यानंतर या जगात त्यांची म्हणून जी काही जागा उरत होती, ती तेवढीच.

"जो हरेल त्याने कपाट न्यायचं!" साडूने जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं. "काय साडूभाऊ, घाबरलात?"

"घाबरायचं काय त्यात?" चष्मेवाले घाबरून म्हणाले होते.

तेव्हापासून त्यांनी खेळ सुधारायचं मनावर घेतलं. दुसऱ्यांना हरवण्याचे धडे देणाऱ्या एका तज्ज्ञाची भाषणं ते रोज संगणकावर ऐकू लागले. तज्ज्ञाचं म्हणणं, सुरुवातीलाच हातपाय पसरा. शोभेच्या इमारतींवर उधळपट्टी करू नका. सैन्य रिकामं बसवू नका. चष्मेवाल्यांना ऐकताना घाम फुटला. त्यांचा सगळा जीव बागा, ग्रंथालयं आणि नाट्यगृहं यांत. मागच्या डावात साडूचे हत्ती वेशीत शिरले, तेव्हा त्यांच्या राजधानीत कारंज्याचं उद्घाटन चाललं होतं. "आणि सर्वांत महत्त्वाचं," तज्ज्ञ बजावत असे, "प्रत्येक पाळीला आधी सगळा नकाशा बघा." घरच्या संगणकावर सगळा नकाशा बघायचा म्हणजे मुंग्यांची वरात बघण्यासारखं. म्हणून त्यांनी लॅपटॉप दुकानात आणला आणि डोळे तपासायच्या खोलीतल्या भल्यामोठ्या पडद्याला जोडला. दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात एखादी पाळी उरकायची, एवढाच बेत होता. आज रिमोटवर बोट चुकीच्या जागी पडलं.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं. बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. नुकतीच दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती, आणि नव्या नजरेने त्या जग तपासायला निघाल्या होत्या. जगात चुका भरपूर होत्या.

"काही नाही, बाई. सॉफ्टवेअर आहे."

"सॉफ्टवेअरला सैन्य असतं?"

चष्मेवाल्यांचा स्वभाव खोटं बोलण्याचा नव्हता, आणि मुख्याध्यापिकेसमोर तर मुळीच नाही. त्यांनी सगळं सांगून टाकलं, अगदी कपाटासकट.

"निळे म्हणजे तुम्ही?"

"हो."

"मग तुम्ही हरताय."

"मला कल्पना आहे."

"कल्पना असून बागा लावताय? ही बाग कशासाठी?"

"प्रजा खूश राहते."

"प्रजेला आधी कामाला लावा, खूश नंतर करा. त्या बागेच्या जागी धान्याचं कोठार बांधा. बांधा, मी बसलेय."

चष्मेवाल्यांनी मुकाट्याने कोठार बांधलं. पुढच्या पाळीला त्यांची लोकसंख्या वाढली. ती यापूर्वी कधी वाढल्याचं त्यांच्या स्मरणात नव्हतं.

त्या दिवशी तक्ता परत लावायचं राहून गेलं, आणि दुसऱ्या दिवशी लावावासा वाटला नाही. शिवाय एक शास्त्रीय गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती. अक्षरं लोक पाठ करून येतात. शत्रूची तटबंदी कुणी पाठ करून येत नाही. त्यामुळे बँकेतल्या रोखपालाला त्यांनी विचारलं, "आता बंदर स्पष्ट की मघाशी स्पष्ट होतं?" रोखपाल म्हणाला, "आता स्पष्ट आहे. पण बंदरावर जकात का नाही लावली?" जकात लागली. एका सुईणीने डाव्या डोळ्यावर हात ठेवूनच सांगितलं की उत्तरेकडच्या गावात पाणी नाही, तिथली माणसं काय पिणार? कालवा खणला गेला. भिंग बदलताना "पहिलं बरं की दुसरं?" या जन्माच्या सवयीच्या प्रश्नापाठोपाठ "नदीकाठी की डोंगराजवळ?" हा प्रश्न त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडू लागला. एका कवीने "डोंगराजवळ, निवांत असतं," असं सांगून एक अख्खं शहर उपाशी मारलं, तेव्हापासून कवींच्या तपासणीला त्यांनी पुन्हा अक्षरं लावली.

आठवड्याभरात बाहेरच्या बाकावर बसायला जागा उरेना. मागच्या खोलीत काचा घासणारे काका एकदा आत डोकावले.

"साहेब, बाहेर गर्दी आहे."

"बसू दे. क्रमाने घेतो."

"तसं नाही. त्यातल्या दोघांचे डोळे चांगले आहेत. ते विचारतायत, युद्ध कधी?"

युद्ध लांब नव्हतं. साडूचा फोन येऊन गेला होता. "काय साडूभाऊ, सुधारलात म्हणे! आता कसं, मारायला मजा येईल. भिंत पुसून ठेवा बरं का, कपाटाला धूळ चालत नाही." आणि पुढच्याच पाळीला लाल सैन्य लोंढ्याने निघून निळ्या वेशीवर येऊन उभं राहिलं. हत्ती, गोफणवाले, दगड फेकणारी यंत्रं. चष्मेवाल्यांनी मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली.

बाई त्या दिवशी तिसऱ्यांदा नंबर पडताळायला आल्या होत्या. त्या खुर्चीत बसल्या, चाचणीची लोखंडी फ्रेम नाकावर चढवली आणि नकाशा पाहू लागल्या. बाहेरचे दोन निरोगी डोळेवालेही दारात येऊन उभे राहिले.

"संपलं," चष्मेवाले म्हणाले. त्यांना भिंतीपाशी उभं असलेलं कपाट दिसू लागलं होतं.

"थांबा. त्यांचं सगळं सैन्य तुमच्या दारात आलंय. त्यांच्या घरी कोण आहे?"

"राजधानीत? कुणी नसावं. ती पडली की डाव आपला, पण उपयोग काय? तिथवर पोचायलाच वीस पाळ्या लागतील."

"मग ते तीन ठिपके कोणाचे?"

"कुठले ठिपके?"

"राजधानीच्या डावीकडे, दलदलीत. अगदी भिंतीला लागून. निळे आहेत. निळे तुम्हीच ना?"

चष्मेवाले पडद्याजवळ गेले. आणखी जवळ गेले. नाक टेकायला आलं तेव्हा त्यांना दिसलं: दलदलीत तीन घोडेस्वार उभे होते. डावाच्या सुरुवातीला मुलूख शोधायला म्हणून त्यांनी हे तिघे धाडले होते, रात्र झाली म्हणून 'विश्रांती'चा हुकूम दिला होता आणि मग ते दिसेनासे झाल्यावर मेले असं समजून त्यांच्या नावाने एक स्मारकही उभारलं होतं. मधल्या काळात गावांची शहरं झाली, लिपी आली, छापखाना आला. घोडेस्वार हुकमाची वाट पाहत गुडघाभर चिखलात उभेच.

"मला वाटलं झुडपं आहेत," चष्मेवाले पुटपुटले.

"वर्गात झोपलेली मुलं मला नेहमीच दिसतात," बाई म्हणाल्या. "उठवा त्यांना."

चष्मेवाल्यांनी त्यांना उठवलं. तिघे चिखलातून निघाले आणि उघड्या दारातून सरळ राजधानीत शिरले. पडद्यावर लाल झेंडा उतरला, निळा चढला. दारातले दोघे एकमेकांच्या गळ्यात पडले. काका मागून काच घासायचा पट्टा हातात घेऊनच धावत आले. चष्मेवाल्यांनी बाईंचे हात हातात घेतले.

"बाई, तुमचा चष्मा माझ्याकडून. सगळ्यात हलकी फ्रेम."

"मुळीच नको," बाई उठल्या. "स्वतःचं सैन्य दिसत नाही त्याच्या हातचा चष्मा मी घालू? आधी तुमचे डोळे तपासून घ्या. मग मी येईन."

बायकोनेही घरी तेच धरलं. "अहो, म्हणजे तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतं गं. फक्त बारीक काही दिसत नाही."

"मग हे नवे पडदे कसे वाटले ते तरी सांगा. महिना झाला."

"कुठले पडदे?" चष्मेवाले म्हणाले, आणि विषय तिथेच संपला.

अडचण अशी होती की स्वतःचे डोळे स्वतः तपासता येत नाहीत. चष्मेवाल्यांच्या नाकावरचा नंबर त्यांच्या वडिलांनी काढलेला होता. वडील गेले, दुकान त्यांच्याकडे आलं, नंबर मात्र तोच राहिला. तो बदलायचा म्हणजे वडील चुकले असं म्हणण्यासारखं त्यांना वाटे. शिवाय बदलून घ्यायचा तो कुणाकडून? जवळपास दुसरा चष्मेवाला एकच, आणि तो रस्त्यापलीकडे, बरोबर समोर. त्याला हे नुसतं 'समोरचे' म्हणत. आजवर दोघांनी एकमेकांच्या दुकानातली गिऱ्हाइकं मोजली होती, पण शब्द बोलले नव्हते. शेवटी बायकोने स्वतः हात धरून रस्ता ओलांडून दिला, शाळेत पहिल्या दिवशी सोडतात तसं.

समोरच्यांनी काही विचारलं नाही. दिवा मालवला, फ्रेम चढवली, एकामागून एक भिंगं घातली. "पहिलं बरं की दुसरं?" हा प्रश्न चष्मेवाल्यांना खुर्चीतून फार अवघड वाटला. मग दूरचं कसं दिसतं ते पाहायला समोरच्यांनी त्यांना दारात आणून उभं केलं.

चष्मेवाल्यांना आपल्या दुकानाच्या पाटीचा रंग उडालेला दिसला. पाटीवर चिमणीने घरटं केलेलं दिसलं. तेवढ्यात रस्त्याने एक टेम्पो आला. त्यावर सासऱ्यांचं शिसवी कपाट आडवं बांधलेलं होतं आणि ते घसरू नये म्हणून त्याला मिठी मारून साडू बसला होता. साडूच्या चेहऱ्यावरचा भाव त्यांना पापण्यांसकट दिसला. नव्या नंबरचे पैसे तिथेच वसूल झाले.

"बिचारे," समोरचे म्हणाले. "जुनं गिऱ्हाईक आहे माझं."

"तुमच्याकडे येतात? मी घरचा असताना?"

"घरच्या माणसाशी घासाघीस करता येत नाही म्हणतात." समोरच्यांनी खाकरून घसा साफ केला. "हे बघा, आता आलाच आहात तर सांगून टाकतो. त्यांना तो खेळ अजिबात येत नाही. एकदा मी टायर घ्यायला गेलो होतो, तर हे पहिल्याच डावात हरत बसलेले. मी म्हटलं, सरका. तेव्हापासून त्यांची पाळी आली की ते इथे येऊन बसतात आणि मी खेळतो. मोठा पडदा आहे ना."

चष्मेवाले परत खुर्चीत बसले. चार डाव, ते हत्ती, ते पाडलेलं कारंजं, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. राग यायला हवा होता, पण त्याआधी कौतुक आलं.

"दुसऱ्या डावातला तो पूल तुमचा?"

"माझाच."

"छान होता हो."

"तुमचं ग्रंथालय जाळताना मलाही वाईट वाटलं." समोरचे थोडा वेळ भिंगांच्या पेटीशी चाळा करत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक विचारू? ते तीन घोडेस्वार तिथे कधीपासून होते?"

"पहिल्यापासून."

"माझ्या भिंतीला लागून?"

"लागूनच."

"मी रोज बघत होतो. मला वाटलं..."

"झुडपं?"

समोरच्यांनी नाकावरचा स्वतःचा चष्मा काढला, रुमालाने बराच वेळ पुसला आणि दाराचा पडदा नीट ओढून घेतला.

"उठा जरा," ते म्हणाले.

चष्मेवाले उठले. समोरचे त्यांच्या जागी बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून शहाण्या मुलासारखे भिंतीकडे पाहू लागले. चष्मेवाल्यांनी आपल्या नाकावरची फ्रेम उतरवून त्यांच्या नाकावर चढवली, बिननंबरचं भिंग घातलं आणि रिमोटवरचं बटण दोनदा तपासून दाबलं. पडद्यावर काळी अक्षरं उमटली, यावेळी नक्की अक्षरंच.

"सगळ्यात खालची ओळ वाचा," चष्मेवाले म्हणाले.

समोरच्यांनी मान पुढे काढली, डोळे बारीक केले.

"ओळ?" ते म्हणाले. "कुठाय ओळ?"