लोंबतं टोक

सुलोचनाबाईंचा लाल परकर दोरीवरून नाहीसा झाला तेव्हा त्यांचे यजमान पंढरीनाथ झोपलेले होते, त्यामुळे पहिला संशय त्यांच्यावर आला नाही. दुसरा आला.

"अहो, माझा परकर?"

"सेफ आहे," पंढरीनाथ डोळे न उघडता म्हणाला.

परकर खरोखरच सेफ होता. त्याच्या एकसारख्या रुंदीच्या पट्ट्या फाडून, कडा दुमडून, टीप मारून त्या पंढरीनाथच्या उशाखाली ठेवल्या होत्या. त्यांच्या शेजारी पुढच्या खोलीचा पिवळा पडदा होता, तोही पट्ट्यांच्या रूपात.

पंढरीनाथ मिलच्या कताई खात्यात सुरक्षा सुपरवायझर होता. उभा जन्म रातपाळी. मग देश उघडला आणि मिल बंद झाली. इंदूरच्या गच्च्यांवर डिशच्या छत्र्या उगवल्या, पोह्याच्या दुकानात परदेशी कोल्ड्रिंक आलं, पण पंढरीनाथच्या झोपेपर्यंत यातली एकही बातमी पोचली नाही. झोप आजही दिवसाचीच येत होती. रात्री तो टक्क जागा असे आणि दिवसभर डोळ्यांपुढे एक पातळसा पडदा घेऊन फिरे. त्या पडद्यातून जग त्याला जरा लांब, जरा सावकाश आणि बरंचसं धोकादायक दिसे.

अशात शेजारच्या शोभनाताईंचा पियुष अमेरिकेहून सुट्टीवर आला आणि येताना दोन्ही बाजूंनी टोकदार असा एक चेंडू घेऊन आला. मिलच्या मागच्या मैदानावर त्याने मोहल्ल्यातल्या पोरांची लीग सुरू केली. खेळ सोपा होता. चेंडू घेऊन पळायचं. पळणाऱ्याला पाडायचं नाही, ढकलायचं नाही. त्याच्या कमरेला लोंबणारी पट्टी ओढून काढली की खेळ थांबला.

"एकदम सेफ गेम आहे, काका," पियुष म्हणाला. "आणि सुनो ना, इथं बाजूच्या राऊ गावात नवीन शाळा निघालीये, होस्टेलवाली. तिथल्या अमिता मॅडम फायनलला येऊन राहिल्यात. त्यांना सेफ्टी ऑफिसर पाहिजे. मी तुमचं नाव टाकलंय. नियम तुम्ही बनवा. एकाही पोराला लागलं नाही, तर नोकरी पक्की समजा."

सेफ्टी ऑफिसर. मिल बंद झाल्यापासून पंढरीनाथला कोणी काही बनवायला सांगितलं नव्हतं. सुलोचनाबाईंनी एकदा प्यायला शिकंजी बनवायला सांगितली होती, पण त्यात सुरक्षेचा भाग फारच कमी होता.

त्याने नियम बनवायला घेतले. पहिला नियम होता, 'मैदानात धावू नये.'

"काका, ये तो गेमच आहे," पियुष म्हणाला.

"खात्यात हाच पहिला नियम होता."

"खात्यात चेंडू होता का?"

पंढरीनाथने विचार केला. नव्हता. नियम नाइलाजाने कटला, पण पुढच्या नियमांना त्याने हात लावू दिला नाही. टोकदार वस्तूला आवरण हवं, म्हणून चेंडूच्या दोन्ही टोकांना लोकरीच्या कानटोप्या चढल्या. चुना डोळ्यांत जातो, म्हणून मैदानावर फक्कीच्या रेघा मारणं बंद झालं. गोल कुठे आहे हे पोरांनी अंदाजाने समजून घ्यायचं ठरलं.

शिट्टीची मात्र रीतसर चाचणी झाली. पियुषने मैदानावर एक लांब शिट्टी मारली, तशी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर बसलेले मिलचे जुने गडी एकदम उठून उभे राहिले. बाबूराव तर घराकडे दहा पावलं चालूनही गेले. त्या गडबडीत त्यांचा चहा त्यांच्याच गुडघ्यावर सांडला.

"अरे भिया, सुट्टी झाली वाटलं!" बाबूराव गुडघा झाडत ओरडले.

लीगचा पहिला अपघात खेळ सुरू होण्याआधीच झाला होता आणि तो प्रेक्षकाला झाला होता. शिट्टीवर त्याच दिवशी बंदी आली.

राहिल्या पट्ट्या. इथे पंढरीनाथ कित्येक दिवस अडून बसला. मिलमध्ये त्याने आयुष्यभर एकच काम केलं होतं. कोणाच्या धोतराचा सोगा, कोणाच्या मफलरचं शेपूट, कोणाच्या बाहीचा सुटलेला दोरा, जे काही लोंबत असेल ते आत खोचायला लावायचं. फिरत्या चात्यांपुढे लोंबतं टोक म्हणजे गेला माणूस. त्याला स्वप्नंसुद्धा टोकांचीच पडत. आणि आता त्याच्या हाती असा खेळ आला होता, ज्यात सगळं काही त्या लोंबत्या टोकावरच लोंबत होतं.

फायनलच्या दिवशी दुपारी, डोळे मिटत असताना, त्याला उत्तर सापडलं. सुई-दोरा घेऊन त्याने, पट्ट्या लावायला घरी आलेल्या प्रत्येक पोराच्या चड्डीवर पट्टी वरून खालपर्यंत पक्की शिवून टाकली. टोक उरलंच नाही.

"आता ठीक आहे," तो स्वतःशी म्हणाला आणि ही गोष्ट कोणाला सांगायच्या आत त्याला डुलकी लागली.

संध्याकाळी मैदानाच्या कडेला खुर्च्या मांडल्या होत्या. अमिता मॅडम फिकट निळी साडी नेसून पहिल्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी पंढरीनाथ, गळ्यात ठेवणीतला गमछा. मिलच्या आवारातल्या सावरीची बोंडं त्या आठवड्यात फुटली होती. तिचा कापूस भिंतीवरून तरंगत येत होता आणि मैदानावर, पोरांच्या केसांवर, मॅडमच्या पदरावर अलगद उतरत होता. पंढरीनाथला कळेना की आपण मैदानात आहोत की खात्यात. त्याने चात्यांचा आवाज येतो का म्हणून कान दिला. येत नव्हता, पण येईलसं वाटत होतं.

"छान आहे हो तुमचं," मॅडम म्हणाल्या. "काही डेंजरसच दिसत नाही."

"दिसणार नाही," पंढरीनाथ म्हणाला.

चेंडू लाल पट्टीवाल्यांच्या ईशाकडे आला. ईशा म्हणजे बाबूरावांची नात. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला, आणि मोहल्ल्यात तिला कोणी चालताना पाहिलेलं नव्हतं. कानटोपीवाला चेंडू काखेत मारून ती सुटली. पिवळ्यांचा संघदीप तिच्या मागे लागला, त्याने पट्टी चड्डीसकट मुठीत पकडली आणि ओढली. पट्टी निघाली नाही. पुन्हा ओढली. पट्टी आली नाही, संघदीप मात्र तिच्या मागोमाग ओढला गेला.

"सोड ना रे!"

"निघतच नाहीये! तू थांब ना!"

"पट्टी निघाल्याशिवाय थांबायचं नाही, नियम आहे!"

ईशा बरोबर होती. खेळ थांबवायला शिट्टी नव्हती. मैदान कुठे संपतं ते सांगायला रेघ नव्हती. गोल कुठे आहे हे अंदाजावर होतं, आणि ईशाचा अंदाज मोठा होता. ती मैदानातून बाहेर पडली आणि गल्लीत शिरली. संघदीपला सोडवायला एकाने त्याची पट्टी धरली, त्याची दुसऱ्याने धरली, आणि प्रत्येकाला थोड्याच वेळात कळलं की आपण कोणाला सोडवत नसून आपणच जोडले गेलो आहोत. बघता बघता लाल-पिवळ्या पोरांची एक लांब माळ गल्लीच्या तोंडातून आत ओढली गेली.

खुर्चीतून पंढरीनाथने ते पाहिलं. कापसाच्या त्या उडत्या धुक्यातून एक पेळू बारीक होत, ताणला जात, सूत होऊन निघून चालला होता. किती वर्षांनी. कुठे तुटत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"काका!" पियुष त्याच्या कानात ओरडला. "पोरं गेली!"

"सूत चांगलं आहे," पंढरीनाथ म्हणाला आणि मग जागा झाला.

तो उठला आणि धावला. मागे पियुष धावला, पदर सावरत मॅडम धावल्या, आणि सगळे धावताहेत म्हणून टपरीवरचे गडीही निघाले.

"पंढरीबाबू, पट्ट्या निघत का नाहीयेत?" बाबूरावांनी धावता धावता विचारलं.

"शिवल्यात."

"कोणी?"

"सेफ्टीने," पंढरीनाथ म्हणाला.

मॅडमनी ते ऐकलं. त्यांनी धावण्याचा वेग वाढवला.

पोह्याच्या दुकानापाशी गिऱ्हाईकांनी बशा उंच धरून माळेला वाट दिली. रिक्षावाले थांबले. "शोभायात्रा कसली आहे, भिया?" कोणीतरी विचारलं. "पता नहीं, पण आपली मराठी लोकांची दिसतेय," दुसऱ्याने सांगितलं आणि हात जोडले. पुढे ईशा एकाच गोष्टीच्या शोधात होती. रेघ. जिथे रेघ, तिथे गोल, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. आणि आख्ख्या मोहल्ल्यात तिने रोज पाहिलेली रेघ एकच होती. मिलच्या फाटकाच्या गजांतून दिसायची ती, आतल्या फरशीवर आखलेली जाड पांढरी रेघ. कामगारांनी तिच्या आतूनच चालावं म्हणून पंढरीनाथनेच ती कधीकाळी रंगवून घेतली होती.

मिलच्या फाटकावर कचरू वॉचमन स्टुलावर बसला होता. मिल बंद झाली तरी पहारा चालू होता. साहेब लोक गेले, नवे हुकूम यायचे थांबले, त्यामुळे कचरू शेवटच्या हुकमावर होता. तो हुकूम पंढरीनाथचा होता. लोंबतं काही असेल त्याला आत सोडायचं नाही. ज्याचं लोंबत नसेल त्याच्याबद्दल काही सांगितलेलं नव्हतं.

ईशा धापा टाकत पुढे उभी राहिली. "कचरूकाका, आत जायचंय."

कचरूने तिला पुढून पाहिलं, मागून पाहिलं. पट्टी चपटी शिवलेली. वेण्या वर बांधलेल्या. त्याने फाटकातला छोटा दरवाजा उघडला. माळ एकामागून एक आत गेली. ईशाने पांढरी रेघ ओलांडून चेंडू खाली ठेवला.

"गोल!"

"मग खेळ संपला ना?" संघदीपने विचारलं.

"पट्टी कुठे निघालीये?" ईशा म्हणाली आणि चेंडू उचलून पुन्हा पळत सुटली.

तोवर मोठी माणसं फाटकाशी पोचली. पियुषने बाहेर आलेला शर्ट खोचला आणि आत गेला. बाबूरावांनी धोतराचा सोगा खोचला. मॅडमनी पदर कमरेला घट्ट खोवला, तेव्हा कचरूने त्यांना मानेने वाट दिली. शेवटी पंढरीनाथ आला. कचरूचा हात आडवा झाला.

"साहेब, टोक."

गमछा धावण्यात गळ्यातून सुटून पाठीवर लोंबत होता. पंढरीनाथने बोलायला तोंड उघडलं, पण श्वास अजून पोह्याच्या दुकानापाशी होता. दोन्ही हातांनी त्याने गज धरले. एक हात सोडला असता तर तो बसलाच असता.

"कचरू, अरे... मी आहे."

"ओळखलं ना साहेब. तुम्हीच सांगितलं होतं, तुझा बाप आला तरी सोडू नको. माझा बाप आला होता एकदा, तुम्हाला आठवत असेल. मफलर होता त्याचा. मी नाही सोडला."

फाटकाच्या आत आवार भरून कापूस उडत होता. कुलूप पडलेल्या खात्यांपुढे पोरं पळत होती, आणि बाबूराव, पियुष, मॅडम त्यांना पकडत होते, निदान हात पसरून उभे होते. इतकी माणसं त्या आवारात शेवटची कधी होती ते पंढरीनाथला आठवेना. त्याने कपाळ गजाला टेकवलं. नोकरी गेली होती. मॅडम आतमध्ये पळत होत्या आणि सेफ्टी ऑफिसर बाहेर अडकला होता, स्वतःच्याच नियमात.

एवढ्यात ईशा वळून फाटकाकडे आली. तिने गजांतून हात घातला, खांद्यावरून पुढे आलेलं गमछ्याचं टोक पकडलं आणि एक हिसडा दिला. गमछा सुळकन निघाला.

"काका आउट!"

आणि खेळ थांबला. एकदम, सगळाच. पोरं जिथल्या तिथे बसली. पट्टी निघाली होती. कोणाची, हे नियमात लिहिलेलं नव्हतं.

कचरूने आडवा हात काढला. "या आता, साहेब. काही लोंबत नाहीये."

पंढरीनाथ आत आला. पांढऱ्या रेघेच्या आतून, सवयीने, सरळ चालत तो सावरीखाली गेला आणि बुंध्याला टेकून बसला. कापूस त्याच्या डोक्यावर, भुवयांवर पडत राहिला. पुढचं त्याने ऐकलं नाही.

ते त्याला सकाळी सुलोचनाबाईंनी सांगितलं.

"मॅडम येऊन गेल्या काल. एका पोराला खरचटलंसुद्धा नाही म्हणाल्या. तुम्हाला ठेवतायत."

पंढरीनाथ डोळे मिटूनच पडला होता. "सेफ्टी ऑफिसर?"

"हो. पण त्यांची एक अट आहे. पोरं जागी असताना तुम्ही शाळेत यायचं नाही. होस्टेलमध्ये सगळी झोपली, की मग तुमचं काम सुरू. सकाळी ती उठायच्या आत निघायचं."

पंढरीनाथने दोन्ही डोळे उघडले. कित्येक वर्षांत दिवसाउजेडी ते असे उघडले नव्हते.

"म्हणजे रातपाळी?"

"आता तुम्ही काय म्हणाल ते म्हणा," सुलोचनाबाई म्हणाल्या. "पण कामावर जाल ते परकर आणि पडदा आणून दिल्यावर. आणि गमछा विसरा. तो ईशाने कमरेला बांधलाय, आणि सगळी पोरं तिच्या मागे लागलीयेत."

खिडकीला पडदा नव्हता. बाहेर गल्लीतून पोरं धावत गेल्याचा आवाज आला, आणि मागोमाग बाबूरावांचा.

पंढरीनाथने कूस बदलली. "पळू नका रे," तो हळूच म्हणाला, आणि शांत झोपला.