बशीरचाचांचा हात

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीतल्या लिफ्टवर लिहिलंय, 'सहा व्यक्ती, चारशे आठ किलो.' बाकीचे लोक सहा वाचतात. बशीरचाचा चारशे आठ वाचतात. दारात हात आडवा धरतात आणि एकेकाकडे बघून मनात बेरीज करतात.

"अहो वहिनी, आपण पुढच्या फेरीला."

"अहो, आम्ही पाचच आहोत!"

"पाच आहात. पण चारशे पंधरा आहात."

वहिनी रागाने महिनाभर जिना चढल्या. चार किलो उतरल्या. तेही चाचांनीच सांगितलं, भर पार्किंगमध्ये, सगळ्यांसमोर. आपण कौतुक केलं असं त्यांना अजून वाटतं.

चाचा मार्केट यार्डात पस्तीस वर्षं तोलणार होते. म्हणजे कांद्या-बटाट्याची पोती काट्यावर चढवायची आणि वजन पुकारायचं. पुढे पुढे काटा नुसता साक्षीला. "हातात आलं की कळतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माणूस रिटायर झाला, हात झाला नाही. गॅसवाला सिलेंडर दारात ठेवतो आणि पळतो, कारण चाचा तो उचलून एक डोळा बारीक करतात. तिसऱ्या मजल्यावर बाळ झालं, तेही चाचांच्या हातात दिलं.

"तीन दोनशे."

बाळाचा बाप म्हणला, "चाचा, हॉस्पिटलात तीन शंभर भरलं."

"दुपट्याशिवाय तोललं असणार त्यांनी."

मी त्यांच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहतो. मूळचा बार्शीचा. तिथे हेडमास्तरांची नक्कल करून मार खाल्ला, इथे चाचांची करून टाळ्या घेतो. गणपतीत स्टेजवर केली, बारीक डोळ्यासकट. चाचा पहिल्याच रांगेत. संपल्यावर मागे आले आणि म्हणले, "आवाज बरोबर आला. पण उचलताना गुडघ्यात वाकत जा रे, कंबर जाईल."

एका माणसाचं वजन मात्र चाचा सांगत नाहीत. चाचींचं. फातिमाचाची वर्षभर आजारी आहेत. डॉक्टर म्हणतात, खायला घाला, वजन उतरू देऊ नका. आणि चाचींना अन्न जात नाही. चालवत नाही म्हणून चाचाच त्यांना पलंगावरून खुर्चीत ठेवतात, खुर्चीतून पलंगावर. रोज. आणि तेव्हा डोळा बारीक करत नाहीत. मागच्या आठवड्यात मी दवाखान्यात सोबत होतो. काटा म्हणला, एक्केचाळीस. चाचींना आकडा दिसू नये म्हणून चाचा मध्ये उभे राहिले.

चाचींचं माहेर कोकणात, समुद्रकाठी. तिकडून भावाचा फोन आला, गावात छोटंसं वस्तुसंग्रहालय झालंय आणि त्यात अब्बांच्या होडीचं सुकाणू ठेवलंय. "एकदा बघायचं होतं," चाची म्हणल्या. एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी माझं दार वाजवलं, "तुझ्या कुणा मित्राची गाडी आण. आत्ता."

संग्रहालय वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर निघालं. जिना अरुंद आणि असा उभा, की शिडीच म्हणा. चाचींना खालच्या बाकावर बसवून आम्ही आधी अंदाज घ्यायला वर गेलो. दोन खोल्या. जुनी भांडी, बंदराचे फोटो आणि जागोजागी पाट्या, 'हात लावू नये.' सांभाळायला एक रिटायर मास्तर. सुकाणू भिंतीला पक्कं ठोकलेलं, म्हणजे ते खाली आणायचा विषय संपला. तेवढ्यात चाचांची नजर तोफगोळ्यावर गेली. शेजारी कार्ड होतं, 'वजन बारा किलो.'

"बारा नाही," चाचा म्हणले.

"अहो, इतिहास आहे तो," मास्तर म्हणले.

"असेल. पण बारा नाही."

"पाटी वाचा. हात लावायचा नाही."

चाचांनी हात मागे बांधले आणि गोळ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. देवाला प्रदक्षिणा पण कुणी इतक्या मनापासून घालत नाही. मी मास्तरांच्या कानात म्हणलं, "उचलू द्या सर, नाहीतर हे मुक्काम करतील."

मास्तरांनी मान वळवली. चाचांनी गोळा उचलला. डोळा बारीक.

"नऊ चारशे. बारा कुणी तोललं?"

"तोललं नाही. अंदाजाने लिहिलं." मास्तरांचा आवाज उतरला. "मीच."

"अंदाजाने!" मास्तरांनी दरोडा कबूल केल्यासारखं चाचा त्यांच्याकडे बघत राहिले. मास्तरांनी गुपचूप बारा खोडलं आणि एकदम खूश होऊन म्हणले, "मग हा नांगर पण बघा ना. आणि ही घंटा!"

"नंतर. आधी तिला आणतो."

खाली येऊन चाचा गुडघ्यात वाकले आणि चाचींना उचललं. मी मागे. अर्ध्या जिन्यात चाचींनी विचारलं, "सगळ्या दुनियेला सांगता. माझं किती भरलं?"

चाचा थांबले. पस्तीस वर्षांत या माणसाने पावशेर इकडचं तिकडे केलं नव्हतं.

"अठ्ठावन्न."

"लग्नात तेवढी होते मी."

"तेवढीच आहेस."

वर चाचींनी सुकाणूवर हात ठेवला. मास्तरांनी पाटीकडे बघितलं, चाचींकडे बघितलं आणि खिडकीतून समुद्र बघायला लागले. चाचींनी बोटाने चाचपत दांड्यावरची एक खाच शोधून काढली. "ही माझी. कोयतीने केली होती. अब्बांनी बडवलं होतं." आणि अशा हसल्या, की खोकला आला.

निघताना चाचा चाचींना उचलायला वाकले आणि भिंतीला धरून परत उभे राहिले. "द्या इकडे," मी म्हणलं. त्यांनी कधी दिलं नसतं, पण दिलं. मी दम धरून, जोर लावून चाचींना उचललं. तो सगळा जोर वाया गेला.

गाडीपाशी आलो तेव्हा चाचांनी विचारलं, "किती रे?" माझ्याकडे न बघता. चाची मात्र माझ्याचकडे बघत होत्या.

"साठ असतील," मी म्हणलं.

"गप. अठ्ठावन्न. वरचे दोन किलो तुझ्या हाताचा आळस."

"तेच म्हणते, साठ कुठून येणार," चाची माझ्या खांद्यावर डोकं टेकत म्हणल्या.

चाचांनी गाडीचं दार उघडलं. "हळू ठेव," म्हणले.