बत्तीस कामं घेणारी डिस्क

डिस्क गेल्याचं कळलं ते एका सकाळी, ग्रंथालयाच्या बाईंचा फोन आला तेव्हा.

"ताईंनी शेवटी शेवटी वाचलेली प्रकरणं तुमच्या कॉम्प्युटरवर असतील ना? तेवढी पाठवाल का? घाई नाही. म्हणजे, आहे थोडी. वाचक माझं डोकं खातायत."

हे ग्रंथालय अंधांसाठी होतं. टाइमकीपरांची बायको त्यांच्यासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करत असे. टाइमकीपर बस आगारातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गल्लीत त्यांना अजून टाइमकीपरच म्हणत. बायको मागच्या खोलीत दार लावून वाचायला बसली की ते बाहेर चपला काढून, पावलं न वाजवता फिरत. तिचं शेवटचं पुस्तक म्हणजे एक जुनी खूनकथा होती. निम्मं पुस्तक ग्रंथालयात पोचलं होतं. पुढचं पाठवायच्या आधी ती गेली.

टाइमकीपरांनी कॉम्प्युटर लावला. तिचं फोल्डर उघडलं. डिस्कने टिक टिक केलं, पडद्यावरचं चाक फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. त्यांनी चहा केला, प्यायला, कप विसळून ठेवला. चाक फिरतच होतं.

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने डिस्कला कान लावला आणि मान हलवली.

"गेली काका."

"बघितलीस कुठे अजून? नुसता कान लावलास."

"आवाजावरनं कळतं. नवी टाकून देऊ?"

"नव्या डिस्कमध्ये तिचा आवाज असेल का?"

"नवीत कसा असेल?"

"मग राहू दे."

मुलीला फोन केला तर ती भडकलीच. "बाबा, तुमचा जावई दिवसभर हेच तर करतो! त्याला सोडून त्या कोपऱ्यावरच्याकडे कशाला गेलात?"

जावई ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नेलवर काम करायचा. टाइमकीपरांना लग्नात एवढंच सांगितलं होतं की मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे. तो इतका आत आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

त्याच संध्याकाळी दोघं आले. जावयाने काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी आणल्या आणि त्या वाचून तो चक्क हसला.

"बाबा, डिस्क ठणठणीत आहे. फक्त थापा मारते."

"म्हणजे?"

"ती कर्नेलला सांगते, मला एका वेळी बत्तीस कामं सांगा, मी माझ्या सोयीने क्रम लावून करते. कर्नेल बिचारा विश्वास ठेवतो, सगळी सांगून टाकतो. ही त्यातलं एखादं विसरते आणि गप्प बसते. मग तो वाट बघतो, वैतागतो, हिला गदागदा हलवतो आणि पुन्हा तीच बत्तीस कामं सांगतो."

"आणि ही पुन्हा विसरते."

"बरोबर."

टाइमकीपर म्हणाले, "मी असाच होतो. येताना साबण आणा, विजेचं बिल भरा, चपलेचा अंगठा शिवून घ्या, असं सांगितलं की मी चप्पल तिथेच सोडून यायचो. तुझ्या सासूने पहिल्या वर्षातच ओळखलं. नंतर एक झालं की दुसरं सांगायची."

"आईंनी क्यू डेप्थ एक केली," जावई गंभीरपणे म्हणाला.

"काय केलं?"

"तोच उपाय आहे, बाबा. या डिस्कलाही एका वेळी एकच काम सांगायचं. हळू चालेल, पण विसरणार नाही."

एखादा साधा माणूस असता तर त्याने एका ओळीत ही सोय त्या एका कॉम्प्युटरपुरती करून दिली असती आणि जेवून घरी गेला असता. जावई साधा नव्हता. अशी वरवरची मलमपट्टी त्याच्या तत्त्वात बसत नव्हती. कर्नेलमध्ये अशा खोडकर डिस्कची एक यादी असते. यादीत नाव आलं की कर्नेल त्या डिस्कशी जपून वागतो. जावयाने ठरवलं, नाव यादीतच घालायचं, म्हणजे जगात कुठेही ही डिस्क असली तरी तिचं भलं होईल.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याने नाव घातलं. डिस्कचा मॉडेल क्रमांक लांबलचक होता. शेवटची अक्षरं थोडी वेगळी असलेली तिची भावंडंही सापडावीत म्हणून त्याने सुरुवातीची अक्षरं लिहून पुढे एक तारा टाकला. तारा म्हणजे पुढे काहीही असलं तरी चालेल. चाचणी पास झाली. चाचणीत डिस्क चालते का एवढंच बघत. किती वेळात चालते, हे कोणी विचारत नसे. नवा कर्नेल ऑफिसच्या सगळ्या सर्व्हरवर चढला. टाइमकीपरांच्या कॉम्प्युटरवरही चढला, कारण जावयाने तो ऑफिसमधून आपोआप येईल अशी व्यवस्था केली होती.

डिस्क बनवणाऱ्या त्या कंपनीच्या झाडून सगळ्या डिस्कचे क्रमांक त्याच अक्षरांनी सुरू होतात आणि ऑफिसच्या सर्व्हरमध्येही त्याच कंपनीच्या डिस्क आहेत, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नाही. तो सुट्टी टाकून सासऱ्यांकडे निघूनही गेला होता.

इकडे फोल्डर उघडलं. प्रकरणं एकेक करून नेटवरून ग्रंथालयाकडे जाऊ लागली. मुलगी ग्रंथालयाच्या बाईंशी फोनवर होती.

"सोळावं आलं का?"

"आलं! जजसाहेब इथेच बसलेत. लावते लगेच."

जजसाहेब म्हणजे डोळे गेलेले निवृत्त न्यायाधीश. वाचक डोकं खातात असं बाई म्हणाल्या होत्या, ते सगळे वाचक म्हणजे हे एकटेच. मुलीने स्पीकर चालू केला. खरखर झाली आणि टाइमकीपरांच्या बायकोचा आवाज खोलीत आला. ती पोलिसांच्या पंचनाम्याचं वर्णन वाचत होती. टाइमकीपरांनी चपला काढल्या.

तेवढ्यात बेल वाजली. दारात जावयाचे साहेब उभे होते. शर्ट घामाने भिजला होता.

"फोन का उचलत नाहीस? ऑफिस बसलंय सगळं! प्रत्येक सर्व्हर एका वेळी एकच काम करतोय. आत यायचं दार कार्ड दाखवल्यावर पाच मिनिटांनी उघडतं. माणसं बाहेर उभी आहेत. जी आत आहेत ती कॅन्टीनच्या कुपन मशीनपुढे उभी आहेत!"

जावयाने लॅपटॉप उघडला, यादी बघितली आणि कपाळाला हात लावला. "तारा."

"कसला तारा?"

"माझा, सर. फार लवकर टाकला."

"मग काढ ना! एक फोन करतो, जुना कर्नेल परत चढवतील."

"सर, तो इथेही चढेल. आपोआप. चढला की हा कॉम्प्युटर मधेच रीस्टार्ट होणार. जुना कर्नेल पुन्हा बत्तीस कामं सांगणार. या वेळी डिस्क उठेलच असं नाही."

"अरे, मग इथलं आपोआपचं बंद कर!"

"बटण दाबलंय, सर."

"मग?"

"रांगेत आहे. आधी प्रकरणं जातील, मग बटणाचा नंबर."

"इंटरनेटची वायर काढ."

"प्रकरणं त्याच वायरने चाललीयत."

साहेबांनी वायरकडे बघितलं, जावयाकडे बघितलं आणि खिशातून फोन काढला. मुलगी पुढे झाली. "साहेब, आमच्या आईचा आवाज आहे हो तो. दुसरीकडे कुठेच नाहीये."

साहेबांचा अंगठा फोनवर तसाच राहिला. स्पीकरवर आवाज सांगत होता की खून झालेल्या मालकाच्या खोलीचं दार आतून बंद होतं आणि खिडकीला गज होते. साहेब कोणाला न विचारता खुर्चीवर बसले.

"दार आतून बंद? मग खुनी बाहेर कसा गेला?"

"शू!" स्पीकरमधून जजसाहेब ओरडले. "कोण बोलतंय मधे?"

सतराव्या प्रकरणात साहेबांना ऑफिसमधून तीन फोन आले. त्यांनी तिन्ही कापले. अठराव्यात त्यांनी चौकीदारावर संशय घेतला. जजसाहेबांनी तो पुराव्याअभावी फेटाळला. एकोणिसाव्यात चौकीदाराचाच खून झाला आणि साहेब जरा वरमले. ऑफिसातून निरोप आला की दार आता अजिबातच उघडत नाही. "एकदा उघडलं की दाराला वीट लावून ठेवा," साहेब म्हणाले, आणि फोन बंदच करून टाकला.

टाइमकीपर भिंतीला टेकून उभे होते. खून, चौकीदार, यातलं काही ते ऐकत होते असं वाटलं नाही. ती पान उलटायची तेव्हा एक बारीक श्वास घ्यायची. त्या वेळी ते मान वर करत.

तेविसावं प्रकरण पोचलं आणि बटणाचा नंबर लागला. जावयाने इथलं आपोआपचं बंद झाल्याची खात्री केली, तारा खोडला, तिथे पूर्ण क्रमांक लिहिला आणि ऑफिसला कळवलं. तिकडे दार उघडलं. सगळ्यांनी हुश्श केलं. तेविसाव्याच्या शेवटी इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो आणि म्हणतो, खुनी याच खोलीत आहे. तिथे आवाज थांबला.

"पुढचं?" साहेब आणि जजसाहेब एकदमच म्हणाले.

जावयाने फोल्डर वरखाली केलं. "संपलं. पुढे फाइल नाहीये."

"गेली का डिस्कमधून?"

"गेली नाही, सर. केलेलीच नाही."

"चोविसावं तिने वाचलं नव्हतं," टाइमकीपर म्हणाले. "घसा बसला होता. उद्या वाचते म्हणाली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेली."

पुस्तक टेबलावरच होतं. ग्रंथालयाची ती एकुलती एक जुनी प्रत होती. साहेबांनी हळूच हात पुढे केला. टाइमकीपरांनी पुस्तक उचललं आणि काखेत धरलं.

"काका, नुसतं शेवटचं पान बघतो. ऑफिस दिवसभर बंद ठेवलंय मी या पुस्तकापायी."

"खुनी कोण ते मला माहीत आहे."

"तुम्ही वाचलंय?"

"मी कुठला वाचतोय? तिने पुढचं आधी चाळून ठेवलं होतं. जेवताना मला सांगितलं."

"मग सांगा ना!"

"कोणाला सांगू नका म्हणाली होती."

"बाबा!" मुलगी म्हणाली. "आता काय त्याचं?"

टाइमकीपरांनी पुस्तक काखेत आणखी घट्ट धरलं.

स्पीकर खरखरला. "टाइमकीपर, मी बोलतोय. सांगू नका म्हणाल्या ना? मग सांगू नका. वाचायला कुठे बंदी केली होती त्यांनी? मागच्या खोलीत बसा आणि वाचा. मी थांबतो."

"मला जमायचं नाही, जजसाहेब. मला वाचताना धाप लागते."

"लागू दे. आम्हाला कुठे गाडी पकडायचीय?"

साहेब जाताना दारात दोनदा वळून बघून गेले. त्यानंतर ते अधूनमधून फोन करतात. आधी तब्येतीची चौकशी करतात. जजसाहेब रोज करतात आणि चौकशी करत नाहीत. डिस्क काढून कपाटात ठेवली आहे. जावयाने मागच्या खोलीत माइक लावून दिला आहे आणि लाल बटण कुठलं ते दोनदा दाखवलं आहे. टाइमकीपर जेवण झालं की आत जातात, दार लावतात आणि चोविसाव्या प्रकरणाचं पहिलं पान उघडून बसतात.

वाचायला अजून सुरुवात झालेली नाही.