क्यूबन भोजन पाहणी समिती

माझा सोळावा वाढदिवस क्यूबन रेस्टॉरंटमध्ये साजरा करावा, असा प्रस्ताव मी ऑगस्ट २००५ मध्ये घरी मांडला. वाढदिवस नोव्हेंबरात होता, म्हणजे जर्मन हिशोबाने तसा उशीरच झाला होता. आमच्या न्युरेम्बर्गात एका क्यूबन साखळीची शाखा नुकतीच उघडली होती आणि वर्गातल्या आठ जणींना मी बोलावूनही बसले होते. आयुष्यात पहिल्यांदाच सगळ्या येतो म्हणाल्या होत्या.

बाबा कारखान्यात क्वालिटी बघतात. पाहणीशिवाय ते टोमॅटोही घेत नाहीत. त्यांनी विषय मराठी मंडळाच्या अध्यक्ष शैलाकाकूंकडे पाठवला आणि काकूंनी चार जणांची समिती नेमली. कार्यकक्षा एकच: तिथे आपल्या माणसाने खावं असं काही मिळतं का?

पहिल्या भेटीत नोंद झाली की काळा घेवडा आणि भात म्हणजे राजमा-भातच. भातात किरकोळ त्रुटी होती, ती काकूंनी पर्समधली लसणाच्या चटणीची डबी काढून जागेवर दूर केली. केळ्याचे काप उत्तम, पण तळणीचं तेल संशयास्पद, त्यातच मांसही तळत असतील तर?

दुसरी भेट तेलासाठी. मॅनेजरने वेगळी कढई दाखवली. त्या दिवशी समितीतले पद्माकरकाका गैरहजर, म्हणून त्यांना कढई दाखवायला तिसरी भेट. चौथीत तुलनेसाठी सगळं पुन्हा मागवलं. ऑक्टोबरात समिती बावीस जणांची झाली, सहकुटुंब.

निर्णय कधी, असं मी बाबांना विचारलं.

"आल्झो, घाई केली की चुका होतात," बाबा म्हणाले. 'तर मग' असं म्हणायचं झालं की ते जर्मन होतात. त्यांच्या शर्टावर घेवड्याचा डाग होता.

शेवटी मीच रेस्टॉरंटला फोन लावला. मॅनेजर दिलगीर होता. मोठं टेबल दर शनिवारी चटणीवाल्या बाईंच्या नावे राखीव होतं, त्यांचं स्टामटिश. जर्मनीत सरकार पडतं, पण नेहमीच्या मंडळींचं हे टेबल हलत नाही.

एवढा एक शनिवार सोडा ना, अशी मी काकूंना विनवणी केली.

"अगं बाळा," काकू मायेने म्हणाल्या, "आम्ही अजून मान्यता कुठे दिलीय? तसल्या ठिकाणी लोकांच्या मुली कशा न्यायच्या?"

वाढदिवस घरी झाला. आठांतल्या तीन जणी आल्या. आईने राजमा केला होता. हे क्यूबन का, असं एकीने विचारलं आणि मी न लाजता हो म्हणाले. केक कापून बाबा लगेच निघाले. त्यांची नववी पाहणी होती.

समितीची पाहणी अजून चालूच आहे आणि माझ्यासाठी ठेवलेली एक जागा रिकामी आहे. तुम्ही आत्तापर्यंत हसत होतात, म्हणजे तुमच्या पर्समध्ये चटणीची डबी नसणार. एकदा उघडून बघा. असेल, तर येत्या शनिवारी सात वाजता या. माझी खुर्ची तुम्हाला देते.